आखूड तार

यंत्र यांनी निवडलं. त्याच्याबरोबरच्या पाच वस्तू मात्र मी निवडल्या, आणि त्यातली एक जाणूनबुजून चुकीची निवडली. ही गोष्ट मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितली होती. आता तो माणूस नाही, त्यामुळे लिहून ठेवायला हरकत नाही.

आम्ही लोहार. नंदुरबारहून प्रकाशाकडे जी गाडीवाट जाते तिच्यावर, तापीच्या अलीकडे आमचं गाव. नांगराचे फाळ, विळे, गाडीच्या चाकांच्या धावा, एवढंच आमचं काम. आमच्या भट्टीवर नवरा-बायको दोघं लागतात. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड पकडून ऐरणीवर धरतो, त्याच्या दुसऱ्या हातात लहान हातोडी असते; आणि समोर उभी राहून बायको घण मारते. बघणाऱ्याला वाटतं, नवरा हातोडीने लोखंड घडवतोय. हातोडीने कसलं लोखंड घडतंय! ती बायकोला सांगायला असते. जिथं ती टिचकी मारेल तिथं घण पडला पाहिजे. टिचकी जोरात, तर घण जोरात; हलकी, तर हलका. हातोडी नुसत्या ऐरणीवर दोनदा वाजली की थांबायचं.

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी आधी माझी मनगटं आणि दंड बघितले, आणि चेहऱ्याकडे जाता जाता नजर टाकली. आईला फार राग आला होता. मला नाही आला. चेहऱ्यावर भिस्त ठेवली असती तर मी अजून माहेरीच असते.

आमचे हे बोलायला फार कमी. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला वाटायचं, यांच्या घरात शब्द विकत आणावे लागतात की काय. मग हळूहळू कळलं की यांचं सगळं बोलणं हातोडीत आहे. कुणावर चिडलेले असले की टिचक्या कोरड्या पडायच्या. मन खुशीत असलं की एखादी टिचकी उगाच जास्तीची यायची, लोखंडाला तिची काही गरज नसायची. आमचं पहिलं मूल महिन्याचं होऊन गेलं, तेव्हा घरात कुणाला काय बोलावं ते सुचत नव्हतं. सुतक फिटल्यावर भट्टी पेटली. त्या दिवशी हातोडी इतकी हलकी वाजत होती की मला घण खांद्यापर्यंतसुद्धा न्यावा लागला नाही. दिवसभर आम्ही एक साधा विळा करत होतो. असं मला दुसऱ्या कुणीच समजावलं नाही.

अकरा वर्षं अशी गेली. अकराव्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. मी कुणाला सांगितलं नाही. रोज निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा, वर पदर घ्यायचा, आणि उभं राहायचं.

त्या सुमाराला लढाई संपून लष्कराचा माल बाजारात यायला लागला होता. नंदुरबारला एक मारवाडी शेठ होते. त्यांच्या दुकानामागच्या वखारीत तंबू, बूट, पत्र्याचे डबे असं काय काय येऊन पडलं. त्यातच एक यंत्र आलं: दोन रबरी चाकांवर इंजिन, त्याला जोडलेला डायनामो, वर मातकट हिरवा रंग. इंजिन चालू केलं की वीज होते, आणि त्या विजेने लोखंडाला लोखंड चिकटतं. शेठच्या माणसाने ते चालवून दाखवलं तेव्हा हे तिथं होते. संध्याकाळी घरी आले ते बोलतच आले.

"भाता नही, कोयसा नही," हे सांगत होते. "लोखंड पानीगत व्हस, नी जागवरच जुडी जास. आते तुले घण मारानी गरज नही. तू आराम कर."

यांच्या तोंडून एवढी वाक्यं मी एका दमात कधी ऐकली नव्हती. मी भाकरी थापत होते. ती भाकरी माझ्या हातून तव्यावर वाकडी पडली. आराम! म्हातारे बैल करतात तो आराम. भट्टी गेली, घण गेला, म्हणजे मी यांच्या समोरून गेले. मग यांची हातोडी कुणाशी बोलणार? आणि तोंडाने तर हे बोलत नाहीत. उरलेला सगळा जन्म मी चुलीपाशी, हे यंत्रापाशी, आणि मधे अंगणाएवढी शांतता, असं मला दिसलं आणि मी घाबरले. सरळ सांगते, मला दुसरं काही वाटलं नाही. फक्त भीती वाटली.

शेठशी व्यवहार ठरला. तो कसा ठरला ते लिहीत बसत नाही, ती पुरुषांची डोकेफोड. एवढंच सांगते की यंत्राबरोबर वखारीतल्या ढिगातून आम्हाला पाच वस्तू उचलायच्या होत्या. यंत्र आणायला गाडी जुंपली तेव्हा मी आपणहून चढून बसले. यांनी बघितलं आणि बैल हाकले.

वखारीत गोणपाटावर तो ढीग मांडला होता. शेठ म्हणाले, "ढिगमाईन पाच वस्तू उचला, मिस्तरी. सहावीले हात लावाना नही." आणि गादीवर जाऊन बसले. ढिगात कातडी हातमोजे होते, कातडी आडवस्त्र होतं, तारेचा ब्रश होता, जोडताना वितळणाऱ्या कांड्यांच्या पेट्या होत्या, कांडी धरायची पकड होती. तोंडावर धरायची काळ्या काचेची झाकणं होती, दोन. आमच्याकडे भोवाड्यात तोंडावर सोंगं चढवून नाचतात. मी त्याला सोंगच म्हटलं आणि पुढं गावभर तेच नाव पडलं. ते न लावता त्या उजेडाकडे बघितलं की डोळे सुजतात, दोन दिवस डोळ्यात वाळू गेल्यागत होतं, असं शेठच्या माणसाने बजावून सांगितलं होतं.

यांनी पकड उचलली, कांड्यांची पेटी उचलली, एक सोंग उचललं. तीन झाल्या. हातमोज्यांकडे यांनी ढुंकूनही बघितलं नाही. लोहाराचा हात म्हणजे मुळातच अर्धं कातडं. मग हे तारांपाशी गेले.

तारांशिवाय यंत्र म्हणजे नुसता गोंगाट. एक तार पकडीला लागते, दुसरी कामाच्या लोखंडाला अडकवायची असते. दोन्ही असल्या तरच वीज फिरते. ढिगात लांब तारांची दोन मोठी वेटोळी होती, प्रत्येकी साठ हात तरी असेल. ती दोन घेतली की पाच वस्तू पुऱ्या. आणि एका कोपऱ्यात दोन आखूड तारा एकाच दोरीने बांधून ठेवल्या होत्या, जेमतेम पंधरा-पंधरा हात. त्यांची मिळून एकच वस्तू धरायची, असं शेठ म्हणाले.

यांनी लांब वेटोळ्यावर हात ठेवला आणि मला ते चित्र डोळ्यांपुढं आलं. इंजिनापाशी कुणीतरी लागतंच. ते हँडल मारून चालू करायचं, त्यात पेट्रोल घालायचं, वेग कमीजास्त करायचा. ते काम मी मागून घेणार होते, हे मनाशी ठरवूनच गाडीत बसले होते. पण साठ हात तार म्हणजे मी या टोकाला आणि हे त्या टोकाला, मधे पाटलाचा गोठा. पंधरा हात तार म्हणजे यंत्र जवळ आणि मीही जवळ. शिवाय एक वस्तू वाचते. त्या वाचलेल्या वस्तूत दुसरं सोंग येतं. दुसरं सोंग तोंडावर असलं की मला अगदी शेजारी उभं राहता येतं.

हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात तीन श्वासांत झाला. देवाने मला शाळा दिली असती तर मी वकील झाले असते.

"लांब तार कसाले?" मी म्हटलं. "करंट मार खास ना. त्या मानूसनीच तर सांगं."

ते खरंच होतं. तार लांबली की जोर थोडा कमी होतो, असं शेठचा माणूस म्हणाला होता. पण थोडा. तो 'थोडा' मी गिळला. यांनी माझ्याकडे बघितलं. लोखंडाच्या बाबतीत अकरा वर्षांत मी यांना एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं, तोच विश्वास त्या वेळी माझ्या कामी आला. यांनी वेटोळ्यावरचा हात काढला आणि आखूड तारांचा जुडगा उचलला. मी पटकन दुसरं सोंग उचललं.

"हाई दुसरं कोनासाठे?" यांनी विचारलं.

"एखादं फुटनं म्हनजे? काच शे ती."

हे दुसरं खोटं. घरी येईपर्यंत मी रस्त्यावरच्या बाभळी मोजत बसले, यांच्याकडे बघितलं नाही.

पुढचे चार महिने मात्र मी सुखात काढले, खोटं कशाला बोलू. इंजिनाचं हँडल मारायला मी दोन दिवसांत शिकले. त्याला जोर कमी आणि झटका जास्त लागतो, आणि डाव्या हाताने मारलं तरी चालतं. यांनी सुरुवातीला "ऱ्हाऊ दे" म्हटलं, मग म्हणणं सोडलं. इंजिन रांगेला लागलं की मी सोंग लावून यांच्या शेजारी बसायची आणि जोडायचा तुकडा सांडशीने धरायची. बघ्यांना हाकलायचं कामही माझंच होतं. "तोंड फिरवा!" म्हणून मी ओरडले की पाटलांपासून पोरांपर्यंत सगळे पाठमोरे व्हायचे. लोहाराच्या बायकोला एवढा मान पूर्वी कुणी दिला नव्हता.

त्या काळ्या काचेतून जग दिसत नाही. अंगण नाही, माणसं नाहीत, दिवस आहे की नाही तेही कळत नाही. दिसतो फक्त हिरवट उजेडाचा एक ठिपका आणि त्याच्या कडेला यांचा हात. मी तासन्‌तास तेवढंच बघत असे, आणि मला ते पुरत असे.

माघात प्रकाशाहून बोलावणं आलं. तिथल्या एका गुजर शेतकऱ्याच्या विहिरीत पंपाची लोखंडी बैठक तडकली होती. विहिरीत खाली, पाण्याच्या जरा वर, भिंतीतून दोन गर्डर आडवे टाकलेले असतात आणि त्यांच्यावर पंप आणि त्याचं इंजिन बसवतात. त्यातला एक सांधा उकलला होता. पंप चालवावा तर सगळंच पाण्यात जायची भीती, बंद ठेवावा तर ऊस वाळायचा. आम्ही यंत्र गाडीमागे बांधलं, तापीच्या उथळ उतारातून पलीकडे नेलं आणि विहिरीच्या काठाशी उभं केलं.

हे पायऱ्यांनी खाली उतरले. मी वरून तारा सोडल्या. सोडत गेले, सोडत गेले, आणि हातात टोक आलं.

खाली वाकून बघितलं. हे गर्डरवर उभे राहून हात वर करून थांबले होते, आणि पकड यांच्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर लोंबत होती. हात आणखी ताणला, टाचा उचलल्या, आणि मग यांना कळलं. यांनी हात खाली घेतला. काठावर गावातली वीस-पंचवीस माणसं जमली होती.

"लोहार यंत्र लई उना, नी तार घर इसरी उना!" शेतकरी म्हणाला, आणि सगळे हसले. शेतकरी वाईट नव्हता, त्याचा ऊस वाळत होता.

मग पंप उलगडला. मोटेचा नाडा बांधून, बैल लावून, बैठक तुकड्यातुकड्याने वर काढली. आम्ही ती वर जोडली आणि लोकांनी पुन्हा खाली बसवली. अर्ध्या तासाच्या कामाला दिवस गेला. दिवसभर हे मान खाली घालून राबत होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तारेवर काहीतरी बोलून जात होता. यांनी एकदाही म्हटलं नाही की तार बायकोने निवडली. एकदा म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

परतताना उतारात बैल पाणी प्यायला थांबले. ऊन अजून पाण्यावर होतं. मला पुढं जाववेना.

"तार मी मुद्दाम आखूड लिधी," मी म्हटलं. "करंटनं खोटं व्हतं. माले तुमना जोडे ऱ्हावानं व्हतं. घण गया, आते तार लांब झाई ते मी कोठे ऱ्हासू?"

यांनी बैलांचे कासरे सैल सोडले. मला वाटलं आता कडाडतील, आणि मी तयारीत होते. कडाडले असते तर मलाही चार शब्द ठेवणीतले काढता आले असते.

"तुन्हा खांदा दुखस म्हनीसन मी यंत्र लयं," हे हळू म्हणाले. "तुले काढासाठे नही."

निरगुडीचा वास पदराखाली लपत नाही, हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं. पण माझी जीभ कसली हार खाते! "मंग तसं सांगं काबर नही?" मी विचारलं.

"तू खांदा दुखस हाई कव्हय सांगं?"

बैल पाणी पिऊन आपणहूनच चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शेठकडे निघाले तेव्हा आखूड तारांचा जुडगा मी गाडीत ठेवला आणि त्याच्यावर माझं सोंग ठेवलं. माझं मीच ठेवलं. यांनी ते उचलून काचेवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली, मला वाटलं परत देतात. पण पुन्हा तिथंच ठेवलं. शेठला तरी दोन्ही परत केल्याशिवाय साठ साठ हातांची दोन वेटोळी कशी परवडणार? गाडी वळणाआड गेल्यावर मी भट्टीच्या खोलीत जाऊन रडले. यांनी मला काढलं नाही हे आता माहीत होतं, तरी रडले. माहीत असणं वेगळं आणि शेजारी असणं वेगळं.

लांब तार आल्यावर विहिरींची कामं भराभर येऊ लागली. मी वर इंजिनापाशी, हे खाली. मी वाकले तरी यांची नुसती पाठ दिसायची, आणि कांडी पेटली की मला तोंड फिरवावं लागायचं. बाकीच्यांना हाकलणारी मी, आता मीच पाठमोरी उभी. दोन विहिरी अशा झाल्या. तिसरी विहीर खांडबाऱ्याच्या वाटेवरची होती, मोठी, खोल, आणि तिच्या बैठकीचा कोपरा पार निखळला होता. तिथं पट्टी लावून जोडायची होती, आणि जोडेपर्यंत ती पट्टी कुणीतरी घट्ट धरायला हवी होती. मालकाचा एक तगडा गडी खाली गेला. मी तोंड फिरवलं. ठिणगी उडाल्याचा आवाज आला, मग गड्याची आरोळी, मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज. पट्टी गेली. यांनी वरून दुसरी मागवली. दुसरा गडी उतरला आणि ठिणग्या बघून अर्ध्या पायऱ्यांवरूनच परत आला.

तेव्हा विहिरीतून यांचा आवाज आला. या माणसाने जन्मात कधी मोठ्याने हाक मारली नव्हती.

"खाले ये!"

"नी इंजिन कोन देखी?" मी वरून ओरडले.

"त्यासले देखू दे! माले तू पायजे!"

विहिरीत बोललेलं दोनदा ऐकू येतं. ते दोनदा ऐकू आलं. धुण्याला आलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, मालकाचा इंजिनवाला हसत हसत यंत्रापाशी जाऊन उभा राहिला, आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी कासोटा खोचला, सांडशी कमरेला अडकवली आणि पायऱ्या उतरले.

खाली गर्डरवर दोघांपुरतीच जागा होती. हे कोपऱ्याशी उकिडवे बसले होते. मी यांच्या मागे टेकून बसले, यांच्या काखेखालून हात पुढं काढला आणि सांडशीने पट्टी जागेवर दाबली. सोंग एकच होतं, ते यांच्या तोंडावर.

"डोया मिची ले," हे सोंगाआडून म्हणाले. "तोंड मन्हा पाठले लाव. मी सांगसू तव्हय उघाड."

मी डोळे मिटले आणि कपाळ यांच्या पाठीला टेकलं. सदरा घामाने ओला होता आणि त्याला कोळशाचा वास होता, भट्टी बंद होऊन सहा महिने झाले तरी. कांडी पेटली. मिटलेल्या पापण्यांतून तांबूस उजेड आला. ठिणग्या माझ्या मनगटावर पडत होत्या, पण तिथली कातडी लोहाराच्या बायकोची. मला काहीच दिसत नव्हतं, तो हिरवा ठिपकासुद्धा नाही. पण यांचा श्वास कुठं थांबतो, कुठं सुटतो, ते मला पाठीतून कळत होतं, आणि श्वास थांबला की मी पट्टी जास्त दाबत होते. यांना एकदाही सांगावं लागलं नाही. साठ हात तार वर काठापर्यंत गेली होती आणि आमच्या दोघांत बोटभरही जागा नव्हती.

कोपरा जोडून झाला. कांडी विझली. पापण्यांवरचा तांबूस उजेड गेला आणि विहिरीतलं गार पाणी ऐकू यायला लागलं.

"उघाड," हे म्हणाले.

मला ऐकू आलं होतं. तरी मी थोडा वेळ डोळे मिटूनच राहिले, आणि यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.